कच्ची धुतलेली निगेटिव्ह

डाग काढणं हे माझं काम. फोटो काढणारे गल्लोगल्ली सापडतात, डाग काढणारा एखादाच. कुणाची जुनी निगेटिव्ह पिवळी पडते, कुणाच्या फिल्मवर पाण्याचे थेंब वाळून बसतात, कुणी घाईघाईत चित्र पक्कं करणाऱ्या हायपोतून फिल्म बाहेर ओढून स्वतःच्या लग्नाचा चहा करून ठेवलेला असतो. हे सगळे फिरून फिरून शेवटी माझ्या दारात. दुसरे फोटोवालेही पाठवतात. घाण त्यांनी करायची आणि निस्तरायची मी. मी शिव्या घालतो आणि काम करतो, आणि दोन्ही अगदी मनापासून करतो.

त्यामुळे ताई गेल्यावर आईने माझ्याकडे जे मागितलं ते काही जगावेगळं नव्हतं. ती म्हणाली, "मला तिचं तोंड बघायचंय."

शेवटचं तोंड तिला बघायला मिळालंच नव्हतं. भावोजींचा निरोप आला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. ताप होता म्हणाले. तिने अंगावर काढला म्हणाले. तुम्हा म्हाताऱ्या माणसांना उगाच कशाला धावपळ, म्हणून आधी कळवलं नाही म्हणाले. आई, बाबा आणि मी पोचलो तर ताईची खोली झाडूनपुसून लख्ख. कॉटवर नवी चादर, जिच्या घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. आई त्या चादरीवरून हात फिरवत बसून राहिली. मी भावोजींना म्हटलं, ताईचा एखादा फोटो द्या. ते म्हणाले, "फोटो ना? नसेल." एखाद्याने छत्री मागावी आणि दुसऱ्याने "नसेल" म्हणावं, तसं.

खरं सांगायचं तर त्यात त्यांचं खोटं नव्हतं. ताई फोटोला उभीच राहायची नाही. स्टुडिओवाल्याची मुलगी, लहानपणी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली लपाछपी खेळलेली, पण माहेरी आल्यावर मी कॅमेरा काढला की ही उठून स्वयंपाकघरात. "माझं काय मेलीचं तोंड बघायचंय, तुझ्या बायकोचा काढ," म्हणायची. मी म्हणायचो, नखरे बघा हिचे. अख्ख्या गावाचे चेहरे आमच्या पेट्यांत पडून आहेत, आणि घरच्या मुलीचा एक धड फोटो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लग्नातल्या ग्रुपमध्ये ती आहे, पण मान खाली घातलेली, आणि चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. मोठा करून बघितला तर नुसती रवाळ पूड.

आईची तर झोप उडाली होती. ती मला सारखं सांगायची की ताईचा आवाज आठवतो, चालणं आठवतं, हातातल्या बांगडीला पडलेला पोचासुद्धा आठवतो, पण डोळे मिटले की चेहऱ्याच्या जागी काहीच येत नाही. "आई आहे मी तिची," ती म्हणायची, "आणि मला माझ्या लेकीचं तोंड आठवेना झालंय. याला काय म्हणायचं?" याला काय म्हणायचं ते मला कुठे माहीत होतं? मी जुन्या पेट्या उपसायला घेतल्या.

सगळ्यात मागची पेटी, तिच्या तळाशी एक कोरं पाकीट, आणि त्यात ती निगेटिव्ह. तळहाताएवढी कट फिल्म. दिव्यासमोर धरली. ताई. एकटी. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी असेल तशी. आमच्या स्टुडिओतल्या लाकडी खुर्चीवर बसलेली, आणि सरळ समोर बघणारी.

पण फिल्मची अवस्था काय सांगू. कडांकडून पिवळा रंग आत घुसलेला, मध्ये तपकिरी ढग, एका कोपऱ्यात हिरवट चमक. आणि चेहऱ्याच्या एका बाजूला, डोळ्याखालून हनुवटीपर्यंत, त्या पिवळ्यातच मिसळलेला एक तांबूस पट्टा. ही सगळी लक्षणं मला तोंडपाठ आहेत. मेलेला हायपो आणि आळशी धुणं. कुणा गिऱ्हाइकाने आणली असती तर मी त्याला दारातच विचारलं असतं, काय हो, गाडी चुकत होती का? पण ही धुतली होती बाबांनी. माझ्या बाबांनी! ज्यांनी मला लहानपणी नळाखाली ट्रे धरून इतका वेळ उभं केलं की पायाला मुंग्या यायच्या. कच्चं धुणं म्हणजे गिऱ्हाइकाशी बेइमानी, असं म्हणणारा माणूस. त्यांच्या हातून स्वतःच्या मुलीची निगेटिव्ह इतकी कच्ची कशी धुतली गेली, हे कोडं मला तेव्हाच पडायला हवं होतं. मला फक्त राग आला.

आधी मी ती आहे तशीच छापून बघितली. पिवळा आणि लाल, दोन्ही रंग एनलार्जरचा उजेड अडवतात, म्हणजे निगेटिव्हवर जिथे डाग तिथे कागद कोरा. ताईचा अर्धा चेहरा आला, अर्धा पांढराफटक. नाकापासून पुढे कुणी चुना लावलाय असा. तरी आईने तो हिसकावूनच घेतला.

"ही अर्धीच आहे रे."

"डाग आहे आई. रसायनाचा. काढतो."

"जाईल?"

"माझ्या हातून न गेलेला डाग दाखव मला एखादा."

ती किती तरी दिवसांनी थोडीशी हसली. तो अर्धा चेहरा तिने उशाशी ठेवला. मी ठरवलं, आता काही झालं तरी उरलेला अर्धा तिला द्यायचा. बाकी मी तिला काय देणार होतो?

बाबा मात्र आडवे आले. ते पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या त्यांच्या चेहरे साफ करायच्या रिटचिंगच्या टेबलाशी बसलेले असतात. काम काही नसतं. नजर अधू झालीय, हात कापतो, तरी सकाळी उठून तिथे जाऊन बसतात, दुसरं कुठे बसावं ते त्यांना कळत नाही म्हणून. मी निगेटिव्ह दाखवली तसे ते एकदम ताठ झाले.

"कुठे मिळाली?"

"तुमच्याच पेटीत. डाग काढून आईला छापून देतो."

"राहू दे तो डाग."

"राहू दे म्हणजे?"

"फिल्म जुनी आहे. पाणी लावू नकोस तिला. वरचा जिलेटिनचा थर सुटला तर सगळंच जाईल."

पाणी लावू नकोस! पाण्याशिवाय डाग काढायचा म्हणजे चूल न पेटवता स्वयंपाक करायचा. मी म्हटलं, "आधी फॉर्मलिनमध्ये कडक करून घेईन. जिलेटिन कसं सुटतं ते मला माहीत आहे. इतकी वर्षं काय मी इथे हजामत करतोय?"

"धाकट्या, एकुलती एक आहे ती. ऐक माझं. कागदावरच थोडी पेन्सिल फिरव आणि दे तिला."

"पेन्सिलीने अर्धा चेहरा काढू? कुणाचा काढू? तुमचा?" माझा पारा चढला होता. "कच्ची तुम्हीच धुतलीत, आता मला अक्कल शिकवू नका."

ते खिडकीकडे तोंड करून बसले. मला वाटलं म्हातारा दुखावला, आपली चूक काढलेली कुणाला आवडते? बायको चहा घेऊन आली होती, तिने डोळ्यांनीच मला दटावलं. पण मी आधीच डार्करूमकडे निघालो होतो.

डाग काढताना अंधार लागत नाही. आमची डार्करूम म्हणजे जिन्याखालची खोली. एका बाजूला एनलार्जर, दुसऱ्या बाजूला दगडी मोरी, वर दोरीला लटकवलेल्या क्लिपा. मी पांढरा दिवा लावला, दार सताड उघडं ठेवलं आणि ट्रे मांडले. आधी दुसऱ्या एका टाकाऊ फिल्मवर सगळं करून बघितलं, कारण तोंडाने मी कितीही फुशारक्या मारल्या तरी हात मात्र घाबरट ठेवतो. ती फिल्म नीट निघाली. मग ताईची घेतली.

पहिला ट्रे साध्या पाण्याचा. फिल्म भिजून मऊ व्हावी, एवढाच त्याचा उपयोग. चिमट्याने मी ती आत सोडली आणि ट्रे हलकेच हलवायला लागलो. थोड्या वेळाने बघतो तर पाणी गुलाबी होत होतं. आधी फिल्मच्या एका बाजूने धुरासारखी एक रेघ निघाली, मग सगळा ट्रे फिका गुलाबी. मी पाणी बदललं, पुन्हा गुलाबी. तिसऱ्यांदा स्वच्छ. फिल्म उचलून बघितली तर चेहऱ्यावरचा तो तांबूस पट्टा साफ गेला होता.

मला केवढा आनंद झाला. ज्याची सगळ्यात धास्ती होती तोच डाग सगळ्यात आधी शरण आला, म्हटलं. आता सांगतो, रसायनाचा डाग साध्या पाण्याला कधी भीक घालत नाही. हे मला माहीत होतं. कुणी शिकाऊ पोराने मला विचारलं असतं तर मीच त्याला सुनावलं असतं. पाण्याने जातो तो डाग नसतो, तो वरून लावलेला रंग असतो. लाल रंग आमच्या धंद्यात लावतात, तेही मला माहीत होतं. पण तो लावतात कपड्यांच्या सावलीवर, मागच्या पडद्यावर, एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्याला थोडा उजेड यावा म्हणून. चेहऱ्यावर फिरते ती पेन्सिल, तीसुद्धा केसाएवढ्या टोकाची. गालभर रंग कुणी थापत नाही, आणि बाबांसारखा माणूस तर नाहीच नाही. शिवाय त्याच्यावरून पिवळा डाग असा पसरला होता की कुठला कुठे संपतो ते दिसत नव्हतं. पण या सबबी झाल्या. आईला कधी एकदा तोंड दाखवतो असं मला झालं होतं, एवढंच खरं.

पुढचं सगळं शिस्तीत झालं. फॉर्मलिनने फिल्म कडक केली. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, ते नेहमीचंच. मग ताजा हायपो, मग थायोयुरियाचं पाणी, त्यात ती हिरवट चमक विरघळताना दिसते, आणि मला आजही ते बघायला आवडतं. पिवळेपणा हट्टी होता, दोनदा परत जावं लागलं. आणि मग धुणं. मी ती इतकी धुतली, इतकी धुतली, की मोरीशी उभं राहून माझी कंबर धरली. बाबांनी जे केलं नव्हतं ते भरून काढल्यासारखी धुतली. वाळायला टांगली तेव्हा ती काचेसारखी स्वच्छ होती.

दुपारी ती वाळली. मी दार लावलं, लाल दिवा लावला, आणि मोठ्या कागदावर छापायला घेतली. कागद डेव्हलपरमध्ये सरकवला. आधी केस आले, मग खुर्चीची पाठ, मग भुवया. ताईचा तो मुडपायची सवय असलेला ओठ. मी तिच्याशी बोलायला लागलो होतो, खोटं कशाला सांगू. "ये, ये, किती नखरे करशील," असं काहीतरी. आणि मग डोळ्याखाली काळं उमटायला लागलं.

मी म्हटलं, डेव्हलपर नीट पसरला नाही. ट्रे हलवला. काळं वाढतच गेलं. डोळ्याखालून सुरू होऊन गालाच्या हाडावरून हनुवटीपर्यंत. मी तो कागद चुरगळून टाकला आणि दुसरा छापला. तसाच. तिसरा. तसाच. मग मी पांढरा दिवा लावला, निगेटिव्ह बाहेर काढली आणि भिंग लावून बघितलं.

फिल्मवर डाग नव्हता. फिल्म चोख होती. जे होतं ते चित्रात होतं. भिंगाखाली कातडीचा पोत दिसत होता, रंध्रं दिसत होती. गाल सुजलेला होता. गालाच्या हाडावर एक बारीक फाटलेली रेघ होती, अंगठीने पडावी तशी. आणि तो डोळा अर्धा मिटलेला असूनही सरळ कॅमेऱ्यात बघत होता.

मी मोरीच्या कडेवर बसलो. आमच्या ताईला कुणीतरी इतकं मारलं होतं. कुणीतरी काय, कुणी ते सरळच होतं. आणि ती आमच्या घरी आली होती, आमच्या खुर्चीवर बसली होती, आणि मला काहीच माहीत नव्हतं. मी तेव्हा शाळेतून येऊन दप्तर टाकून खेळायला पळत असेन. मग ती झाडूनपुसून ठेवलेली खोली आठवली, ती नवी चादर, आणि तो ताप.

ओला प्रिंट तसाच हातात घेऊन मी पुढच्या खोलीत गेलो आणि बाबांच्या टेबलावर टाकला. त्यांनी प्रिंटकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पाणी गुलाबी झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"सगळं गेलं?"

"सगळं."

त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "तुम्ही लावला होता."

"हो."

"तिने लावायला सांगितला?"

"नाही रे." त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. "ती सकाळीच आली. तुझी आई तेव्हा मामाकडे होती. म्हणाली, बाबा, आहे तसा फोटो काढा, दाखवायला लागेल. कुणाला दाखवायचा ते मी विचारलं नाही. वकील बघून ठेवला असेल तिने. मी काढला. समोर बसवली, मान वळवू दिली नाही, दिवा सरळ तोंडावर टाकला. काही लपवलं नाही. तेवढं मी केलं."

"आणि मग?"

"मग धुतली. ट्रेमध्ये तिचं तोंड माझ्याकडे बघत होतं, मला तिथे उभं राहवेना. कशीबशी धुतली आणि वाळल्यावर इथे आणली."

"या टेबलावर? कशाला?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं. "सगळे इथेच येतात," ते म्हणाले.

ते बोलत राहिले, हळूहळू, खिडकीकडे बघत. "जन्मभर या टेबलावर जो चेहरा आला त्याच्यावर हात गेला. देवीचे वण, पुटकुळ्या, डोळ्याखालची वर्तुळं. कुणी सांगावं लागत नाही. तिच्यावरही गेला. पेन्सिलीने भागेना, मग रंग घेतला. एक थर, मग दुसरा. आणि ती पूर्वीसारखी दिसायला लागली रे. मला इतकं बरं वाटलं. मला वाटलं, दिसतेय की चांगली. म्हणजे होईल सगळं नीट."

"आणि ताई?"

"दुपारी आली फोटो न्यायला. मी दिला."

"काय म्हणाली?"

"बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, बाबा, आता हा मी कुणाला दाखवू?"

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, थांबतच नव्हतं. मी म्हटलं, "अहो, रंगच ना तो. पाण्यात घातला असता तर गेला असता. तेव्हाच्या तेव्हा दुसरा छापून देता आला असता."

"म्हटलं मी तिला. लगेच धुऊन देतो म्हटलं. ती म्हणाली, राहू दे बाबा. पुढच्या वेळी काढू."

पुढच्या वेळी. मला ते टेबल उचलून रस्त्यावर फेकावंसं वाटलं. त्या पेन्सिली, तो निगेटिव्ह लावायचा उतरता लाकडी चौकोन, ती भिंगं, सगळं. त्या म्हाताऱ्या माणसाची मानगूट धरावीशी वाटली. मी काहीच केलं नाही. तिथल्या तिथे उभा राहून रडलो, आणि बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती परत गेली. मी पाठवली नाही. ती आपणहून गेली." हे त्यांनी तीनदा म्हटलं. मनातल्या मनात कितीदा म्हटलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत.

ती पुढची वेळ आलीच असणार, एकदा नाही, अनेकदा. पण फोटो काढायला ताई परत कधी आली नाही. मी कॅमेरा काढला की ती उठून जायची, आणि मी म्हणायचो नखरे.

आतून आईची हाक आली. "झाला का रे?"

बाबांनी माझं मनगट धरलं. "तिला हा दाखवू नकोस. तिला काही माहीत नाही."

"दाखवणार," मी म्हटलं. "इतकी वर्षं झाकलंत तेवढं पुरे झालं. तिलाही कळू दे तिच्या लेकीचं काय झालं. नंतर त्या भावोजीच्या तोंडावर नेऊन मारतो हा फोटो." म्हणालो खरा, पण म्हणतानाच मला कळत होतं. पोलिसात जाऊन काय सांगू? तापाने गेलेल्या बाईचा कधीकाळचा सुजलेला गाल? जिने हा फोटो दाखवायचा होता ती ताईच राहिली नव्हती. तरी मी हात सोडवून घेतला आणि आत गेलो.

आई कॉटवर उठून बसली होती. पदराने चष्मा पुसून तयार. मी प्रिंट तिच्या हातात दिला. सांगायचं काय ते मी मनात जुळवत होतो. आई, हे बघ, हा डाग नाही. एवढं एक वाक्य. त्याच्यापुढचं आपोआप आलं असतं.

तिने प्रिंट अगदी डोळ्यांशी नेला. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्यालाही बेताचंच दिसतं. आधी ती चांगल्या बाजूवरून बोट फिरवत राहिली. कपाळ, भुवई, नाक. तिच्या चेहऱ्यावर इतके दिवस जे आवळलेलं होतं ते सैल झालं. "हीच," ती म्हणाली. "हीच की रे. मी कशी विसरले? हा कान बघ, माझ्या आईचा कान आहे हा." आणि ती रडायला लागली, पण ते रडणं वेगळं होतं, मोकळं. मी तिच्या शेजारी टेकलो. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मग तिचं बोट त्या काळ्यावर आलं. ती थांबली. अंगठ्याने तिने ते हलकेच घासलं, भांड्यावरचा डाग जातोय का ते बघावं तसं. पुन्हा घासलं.

"हे राहिलंच रे थोडं," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं.

"तू तर म्हणाला होतास जाईल."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या एका क्षणात मला वाटलं की तिला सगळं कळलंय, आणि मी बोलू नये म्हणून ती हे म्हणतेय. दुसऱ्याच क्षणी वाटलं की नाही, बिचारीला खरंच दिसत नाही. आजही मला ठरवता आलेलं नाही. तिचा अंगठा तेवढा त्या गालावर फिरत होता, न दुखवता, अगदी हळू.

"जाईल आई," मी म्हटलं. "थोडं राहिलंय. आता काढून आणतो."

"दमला असशील. उद्या कर."

"नाही, आताच करतो."

मी परत पुढच्या खोलीत आलो. बाबांनी खण उघडून त्या रंगाची बाटली बाहेर काढली होती. तळाशी लाल खपली उरली होती, त्यात त्यांनी पाण्याचे थेंब टाकून काडीने ढवळायला घेतलं होतं. हात कापत होता, टेबलावर लाल ठिपके सांडले होते. त्यांनी उठून मला त्यांची खुर्ची दिली.

मी निगेटिव्ह आणून त्या उतरत्या चौकोनावर लावली. खालून खिडकीचा उजेड आला. भिंगाखाली ताई माझ्याकडे बघत होती. ब्रश घेतला, रंग इतका पातळ केला की पाण्यात आहे की नाही कळू नये, आणि पहिला थर दिला. टिपकागदाने टिपला. तो मुरला तसा दुसरा दिला. ती फाटलेली रेघ आधी गेली. मग गालाचं हाड. सूज रंगाने जात नाही, पण सूज आहे हे माहीत असलं तरच ती दिसते. हे काम मी आयुष्यात फारसं केलेलं नाही, पण माझा हात बाबांच्यापेक्षा स्थिर होता, आणि रंग चांगला बसत होता. प्रत्येक थराबरोबर मला ते कळत होतं आणि मी थांबत नव्हतो.

बाबा माझ्या मागे उभे होते. त्यांचा श्वास मानेला लागत होता.

"कडेला पातळ कर," ते हळूच म्हणाले. "नाहीतर कड दिसते."

मी ब्रश पाण्यात बुडवला, जिभेवर टेकवून त्याला टोक आणलं, आणि कडेला पातळ केलं.